साखळीचा सहावा खिळा

मी एक जुने धुराडे आहे. रंगाऱ्याच्या घराच्या मागच्या भिंतीतून मी वर चढते, छपराच्याही वर दोन पुरुष उंची गाठते आणि तिथे आभाळाकडे तोंड उघडून उभे राहते. रस्त्यावरून जाणाऱ्यांना माझे ते काळे तोंड तेवढे दिसते. बाकी सारा देह भिंतीत चिणलेला आहे.

मित्रांनो, विटांना काय आठवत असणार, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या पोटातून जे जे गेले, त्याचा पातळ थर माझ्या आतल्या अंगाला चिकटून राहिला आहे. वर्षातून एकदा तो खरवडतात, तरी सगळा निघत नाही. जे निघाले नाही, ते आज सांगते.

मला बांधणारा गवंडी अबोल होता. दर चार विटांनंतर तो हाताचा पंजा आत घालून चाचपायचा, कुठे कंगोरा राहिला का ते पाहायचा. काम संपले तेव्हा त्याने खाली मूठभर वाळलेले गवत पेटवले. पहिला धूर माझ्यात शिरला, गोंधळला आणि फिरून खोलीत आला. आताच्या रंगाऱ्याचा आजोबा तेव्हा घरमालक होता. तो खोकत म्हणाला, "काय हो, उलटंच चाललंय की तुमचं धुराडं!"

"गार आहे अजून ते," गवंडी म्हणाला. "पोट तापू द्या त्याचं, मग बघा."

पोट तापले आणि धूर असा वर सुटला की गवताच्या दोन-चार काड्याही त्याच्याबरोबर आभाळात गेल्या.

त्यात जादू नव्हती. तापलेली हवा फुगते आणि फुगली की हलकी होते. बाहेरची गार हवा जड असते. ती दाराखालून, फटींतून खोलीत येते आणि माझ्या पोटातल्या हलक्या हवेला खालून वर रेटते. लोक म्हणतात, धुराडे धूर ओढते. खरे तर मी काहीच ओढत नाही. मी फक्त वाट आहे. खाली मोकळी, वर मोकळी. कोणी ती बंद केली, तर मला ती उघडता येत नाही.

खालच्या मोठ्या खोलीत भट्टी होती आणि भट्टीवर निळीचे पिंप. नीळ फार लहरी. जास्त तापली की नासते, गार झाली की सुताला रंग धरत नाही. तिला दिवसभर कोमट ठेवावे लागते. म्हणून सकाळी जाळ करून पिंप तापवायचे, मग निखारे गोळा करून त्यांच्यावर राख ओढायची आणि ऊब निसटू नये इतपत माझी झडप थोडी लावायची, असा त्या घराचा शिरस्ता होता.

झडप म्हणजे लोखंडाचा पत्रा. तो माझ्या गळ्यात, वरच्या खोलीच्या छताशी बसवला आहे. त्याची साखळी भिंतीवरून खालच्या खोलीत उतरते. साखळीच्या टोकाला कडी, आणि कडी अडकवायला भिंतीत एकाखाली एक सहा खिळे. पहिल्या खिळ्यावर मी पूर्ण उघडे, सहाव्यावर पूर्ण बंद. आग जागी असताना पहिला. निखारे राखेखाली असताना तिसरा. सहावा फक्त भट्टी थंडगार असेल तेव्हा, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून.

मला डोळे नाहीत. पण दोन कान होते, आणि जे ऐकू येई त्यावरून न दिसलेले मी जोडून घेई. एक भट्टीचे तोंड. दुसरा म्हणजे वरच्या खोलीत, कपाटामागे पडलेली एक भेग. घराचा पाया एकदा जरासा खचला, तेव्हा ती पडली. नखाएवढी रुंद, हातभर लांब. कपाटामागे असल्यामुळे ती कोणाला ठाऊक नव्हती. तिच्यातून मला घर ऐकू यायचे आणि मी त्यावर खूश होते. याच भेगेने पुढे काय केले, ते ऐका.

रंगाऱ्याला एकच मुलगी. ती सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. सात वर्षांची होती. बापाच्या मागे मागे हिंडायची, पिंपाला हात लावून बघायची आणि मोठ्या माणसासारखी मान हलवायची.

"काय म्हणतंय पिंप?" रंगारी विचारायचा.

"बरं आहे म्हणतंय."

"त्याला थंडी वाजू द्यायची नाही हं, मुंगे. थंडी वाजली की रुसतं ते."

त्या दिवशी दाट धुके होते आणि हाडे गोठवणारा गारठा. मुंगीच्या आईला ताप होता. दुपारी ती वरच्या खोलीत माझ्या भिंतीशी अंथरूण घालून निजली. माझी भिंत उबदार असते ना! खिडक्या तिने घट्ट लावून घेतल्या. रंगाऱ्याने कडी तिसऱ्या खिळ्यावर अडकवली आणि रंगवलेले कापड धुवायला तो बहिणीला घेऊन नदीवर गेला. ही बहीण म्हणजे मुंगीची आत्या.

घरात मुंगी उरली. थोड्या वेळाने तिने पिंपाला हात लावला. गारठा इतका की पिंप खरोखरच निवत चालले होते. तिने बादली उलटी केली, तिच्यावर चढली आणि साखळी ओढली. कडी चौथ्या खिळ्यावरून गेली, पाचव्यावरून गेली, आणि सहाव्यावर अडकली.

"आता नाही वाजणार थंडी," असे पिंपाला सांगून ती अंगणात खेळायला गेली.

मित्रांनो, जाळाचा धूर दिसतो, डोळ्यांत झोंबतो, खोकवतो. तो आपल्या येण्याची वर्दी देतो. पण राखेखालच्या निखाऱ्यांना पुरेशी हवा मिळत नाही, तेव्हा त्यांच्यातून दुसरेच काहीतरी निघते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. शाळेत तुम्ही त्याचे नाव शिकाल, कार्बन मोनॉक्साइड. आपले रक्त प्राणवायू उचलून सगळ्या अंगाला पोचवते. हा वायू मध्येच शिरून त्याची जागा बळकावतो. माणसाला वाटते, झोप येते आहे.

तो माझ्यातून वर चढला. झडपेशी थटला. मागून आणखी येत राहिला. खाली परतायला तयार नव्हता, कारण गरम होता, हलका होता. मग त्याला कपाटामागची भेग सापडली.

मी त्या बाईचा श्वास ऐकत होते. आधी तापातला, भराभर चालणारा. मग जड. मग दोन श्वासांमधले अंतर वाढत गेले. अंगणात मुंगी एका पायावर लंगडी घालत आकडे म्हणत होती, तेही ऐकू येत होते. तिचे आकडे संपले नाहीत. आईचे श्वास संपले.

रंगारी परत आला. ओले कापड खांद्यावर, हसत काहीतरी बोलत दारात आला आणि बोलता बोलता गप्प झाला. त्याची नजर खिळ्यांवर गेली असणार. मग पावले जिन्यावरून धडधडत वर गेली. खिडकी फोडल्याचा आवाज आला. त्याने तिला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मारली नाही.

नंतर तो एकटा खाली आला. अजून शेजारी जमले नव्हते, बहीण नदीवरून यायची होती. त्याने कडी सहाव्या खिळ्यावरून काढली आणि तिसऱ्यावर अडकवली. उलटी बादली सुलटी केली, कोपऱ्यात ठेवली.

"झोपेतच गेली," तो सगळ्यांना म्हणाला. "ताप डोक्यात चढला."

वरच्या खोलीला त्याने कुलूप घातले. तिथे कोणी जायचे नाही, एवढेच सांगितले. का, ते सांगितले नाही.

त्या वर्षापासून लोक म्हणू लागले की माझ्यात कोणीतरी रडते. मित्रांनो, बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तसे वारा माझ्या तोंडावरून गेला की मी घुमते. हा आवाज पहिल्या दिवसापासून होता. पण आधी त्या घरात बोलणे खूप असायचे, त्यात तो ऐकू येत नव्हता.

आत्या मात्र हातातले काम टाकून बसायची. "ऐकलंस दादा? वहिनी हाका मारतेय."

"वारा आहे," रंगारी म्हणायचा आणि उठून बाहेर जायचा.

मुले माझ्याखालून पळत जाऊ लागली. एकदा कोणीतरी मला दगड मारला. मला वाईट वाटले नाही. माझ्या आत काय आहे, ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होते.

वीस वर्षे गेली. रंगाऱ्याचे गुडघे गेले. तो खालच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि सुताच्या लडी उजेडात धरून रंग पारखायचा. धंदा मुंगी पाहू लागली. तिचे हात कोपरापर्यंत निळे असत, आईसारखे. पण ती हसायची फार कमी. आई गेली त्या दुपारी आपण अंगणात खेळत बसलो, एकदाही वर जाऊन पाहिले नाही, ही टोचणी तिने कोणाला सांगितली नव्हती. भट्टीशी एकटी असताना कधी पुटपुटायची, म्हणून मला माहीत.

मग एक लांबलेला, दमट हिवाळा आला. सूत वाळेना.

"बाबा, वरची खोली उघडते," मुंगी म्हणाली. "भिंत गरम असते तिथली. लडी दोन दिवसांत वाळतील."

"ती खोली नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना!"

"कारण सांगा, नाही उघडत."

रंगाऱ्याने कारण सांगितले नाही. मित्रांनो, मी तेव्हा जिवाचा कान करून ऐकत होते. आता तरी बोल, असे मी त्याला म्हणत होते. वाऱ्यावर घुमण्यापलीकडे मला म्हणता काय येणार? मुंगीने कुलूप तोडले.

खोली उघडली तसे माझे घुमणे घरभर स्पष्ट ऐकू यायला लागले. आत्याच्या तोंडचे पाणी पळाले. तिने छपरे दुरुस्त करणाऱ्याला हळूच बोलावले आणि माझ्या तोंडावर एक पत्रा ठेवून घेतला. पत्र्यावर दोन विटा. "आता वहिनीला शांती मिळेल," ती म्हणाली. मुंगीला तिने सांगितले नाही, मुंगी हसेल म्हणून.

मी घुमायचे थांबले. आत्याला त्या दिवशी छान झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून भट्टी धुरायला लागली. कडेच्या फटींतून निघेल तेवढाच धूर बाहेर जात होता. "लाकडं ओली आलीत," मुंगी डोळे चोळत म्हणाली. खालच्या खोलीची दारे मोठी, दिवसभर उघडी, म्हणून खाली निभावले. जाळ विझून निखारे झाले की धूर थांबायचा. मग सगळ्यांना वाटायचे, आता ठीक आहे. मला ठाऊक होते की खरी भीती तिथूनच सुरू होते.

मुंगी दुपारी लडी उलटायला वर जायची आणि जरा टेकायची. चौथ्या दिवशी मी तिचा आवाज ऐकला.

"आई?"

खोलीत दुसरे कोणी नव्हते. दुसरा श्वास नव्हता. मी शपथेवर सांगते.

"आई, तू कधी आलीस?"

ज्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो, त्याला नसलेले दिसू लागते, नसलेले ऐकू येते. जे मनात सगळ्यात खोल असते, तेच पुढे येऊन उभे राहते. मुंगीसमोर तिची आई कपाटाशी उभी राहिली, निळे हात पुसत.

तिने हे कोणाला सांगितले नाही. उलट ती रोज लवकर वर जाऊ लागली. डोके ठणकायचे, जिना चढताना पाय लटपटायचे, तरी जायची. तिच्या एक लक्षात आले होते. खिडकी उघडी असली की आई येत नाही. म्हणून ती खिडक्या आतून लावून घ्यायची, फटीत सुताचे बोळे कोंबायची आणि माझ्या भिंतीला पाठ लावून बसायची.

"मी वर यायला हवं होतं गं," ती म्हणायची. "तेव्हा आले नाही. आता रोज येईन."

भेग तिच्या खांद्यापासून वीतभर दूर होती. जी गोष्ट मी एकदा ऐकली होती, तीच मी पुन्हा ऐकत होते. आधी भराभर श्वास, मग जड. मित्रांनो, भुते माणसांच्याच घरात असतात असे नाही. मला एका दुपारीने झपाटले होते, आणि ती दुपार परत आली होती.

त्याच सुमारास काजळीकाकू आली. ही धुराडी साफ करणारी बाई. काठीला बांधलेला कुंचा, दोरीला बांधलेले वजन आणि कानापर्यंत काळे तोंड. दर हिवाळ्यात तिची माझ्याकडे एक खेप असायची. आत्या दारातच आडवी आली.

"यंदा राहू द्या हो. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी धुराडं असेल. तुम्ही असाल का?"

"इश्श! काय अभद्र बोलता!"

"भट्टी पेटलेली आणि वर धुराची रेघ नाही. अभद्र ते आहे." काकूने मान वर केली. "आणि ही टोपी कोणी घातली याला? सर्दी झालीय का?"

आत्या चाचरली. "ते... आवाज यायचा ना..."

काकूचा आवाज एकदम बदलला. "वर कोणी आहे का?"

"मुंगी आहे. लडी उलटायला गेलीय."

"कधीची?"

रंगारी खुर्चीतून उठायला गेला आणि जमिनीवर पडला. "तिला काढा!" तो ओरडला. "आधी तिला बाहेर काढा!"

काकू जिना कशी चढली, मला कळले नाही. काठीच्या एका घावात खिडकी गेली. मग ओढत नेल्याचा आवाज, लडींचे दांडे कोसळल्याचा आवाज. त्यानंतर मी फक्त वाट पाहिली. खाली, भट्टीच्या तोंडातून, बऱ्याच वेळाने एक खोकला ऐकू आला. मग ओकारी. मग रडणे. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

डॉक्टर येऊन गेला. संध्याकाळी मुंगी उघड्या दारात घोंगडी पांघरून बसली होती. पत्रा उतरला होता, कपाट सरकवले होते. काकूने वर जाऊन भेगेशी एक हलके पीस धरून पाहिले होते. पत्रा असताना ते खोलीकडे उडाले होते, पत्रा काढल्यावर भेगेकडे ओढले गेले.

"आई होती तिथे," मुंगी म्हणाली. "मी पाहिली."

"डोकं दुखायचं का तेव्हा?"

"हो."

"खिडकी उघडली की जायची?"

मुंगीने मान डोलावली. काकू तिच्याजवळ उकिडवी बसली. "बाळ, आई असती ना, तर पहिली खिडकी तिने उघडली असती."

मग मुंगीने बापाकडे पाहिले. तिला हिशोब जुळू लागला होता.

"आईला तापाने नव्हतं मारलं. हेच होतं. हो ना, बाबा?"

"हो."

"तेव्हा वर पत्रा नव्हता. म्हणजे झडप लागली असणार. पूर्ण. सहाव्या खिळ्यावर. कोणी लावली?"

मी आतून गार पडले, मित्रांनो. भट्टीत निखारे असून.

"मी," रंगारी म्हणाला.

आत्याने तोंड उघडले. त्या दिवशी नदीवर निघताना ती त्याच्याबरोबर होती. कडी तिसऱ्या खिळ्यावर अडकवताना तिने त्याला पाहिले होते. मग घरात मागे कोण राहिले होते, हे तिला आठवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आठवले.

"हो," आत्या हळूच म्हणाली. "घाईत होता दादा. मी होते ना तिथे."

"वीस वर्षं!" मुंगी किंचाळली. "वीस वर्षं बोलला नाहीत! एक शब्द बोलला असतात, तर मी ते कुलूप तोडलं असतं का?"

"नसतं तोडलंस," रंगारी म्हणाला. "चुकलं माझं. ते खरंच माझं चुकलं."

मुंगी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. समोर जेवण ठेवायची आणि निघून जायची. रंगारी ते खाली मान घालून खायचा. पण मी त्याचा श्वास ऐकला आहे. वीस वर्षांत तो इतका सरळ चाललेला मी ऐकला नव्हता. मग एका सकाळी तिने न बोलता एक लड त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली. "रंगात एक बुडी कमी आहे," तो म्हणाला. "बघते," ती म्हणाली. तिथून बोलणे सुरू झाले.

काजळीकाकूने भेग चुन्याने आणि मातीने घट्ट बुजवली. माझा एक कान गेला. वरची खोली आता मला ऐकू येत नाही, आणि तेच बरे आहे. पक्कड घेऊन मुंगीने भिंतीतला सहावा खिळा उपटला. झडपेच्या पत्र्याला तिने मुठीएवढे भोक पाडून घेतले, म्हणजे ती कधी पूर्ण लागूच नये. खिळा काढून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत जरा थांबली. तिला काही आठवले का, मला ठाऊक नाही. मग ती बादली घेऊन पाणी आणायला गेली.

वारा सुटला की मी पुन्हा घुमते. आत्या अजून दचकते. मुंगी पिंप ढवळत म्हणते, "घुमू दे गं आत्या. वाट मोकळी आहे, एवढाच त्याचा अर्थ."

मित्रांनो, तुमच्या घरात पाणी तापवायचा बंब असेल, शेगडी असेल, गॅसचा हीटर असेल. जिथे काही जळते, तिथून एक वाट बाहेर जाते. वर्षातून एकदा ती कोणाकडून तरी साफ करून घ्या. तिच्यात पक्ष्याने घरटे केले असेल, तर आग पेटवायच्या आधी बघा. आवाज येतो म्हणून, गारठा येतो म्हणून तिचे तोंड बांधू नका. निखारे असलेल्या खोलीत दारे-खिडक्या लावून निजू नका. आणि एखाद्या जागेची भीती असेल, तर लहानांना नुसते 'नको' म्हणू नका, कारण सांगा, असे मोठ्यांनाही सांगा.

आणखी एक मागणे आहे. कधी रंगाऱ्यांच्या गल्लीतून जाल, तेव्हा कोपरापर्यंत निळ्या हातांची एक बाई तुम्हाला भट्टीशी दिसेल. भिंतीत पाच खिळे असतील आणि सहाव्याच्या जागी एक भोक. ती तुम्हाला सगळे समजावून सांगेल. झडप तिच्या बाबांनी घाईत लावली होती, असेही सांगेल.

तुम्ही ऐकून घ्या. मान हलवा. आणि गप्प राहा.